हसवणारा माणूस स्वयंपाकघरात येतो तेव्हा

विनोदी नटाचं काय, मजेत असतो, असं आपण सहज बोलून जातो. येतो, चार कोट्या करतो, लोक पोट धरधरून हसतात, की झालं याचं काम! पण रोज हसवणं हा धंदा किती अवघड आहे, हे ज्या घरात असा माणूस असतो त्या घरालाच विचारावं. अंगात ताप आहे, मुलीची परीक्षा आहे, घरात कुणाचं दुखणंखुपणं चालू आहे, तरी ठरल्या वेळी तिसरी घंटा होणार आणि पडदा वर जाणारच. तिकीट काढून खुर्चीत बसलेल्या माणसाला यातलं काही कळता कामा नये.

आमच्या सिहोऱ्याकडच्या भगिनींना हे फार समजावून सांगायला नको. तुमसर तालुक्यातलं हे गाव, जवळच चांदपूरचा तलाव आणि तिथला मारुती, आणि चहूकडे धानाच्या बांध्या. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते आणि रात्री खडी गंमत किंवा दंडार उभी राहते. लुगडं नेसून नाचणारा पुरुष आणि त्याच्याशी उलटसुलट सवाल-जवाब करणारा सोंगाड्या बघत आमच्या कित्येक पिढ्या लहानाच्या मोठ्या झाल्या. पहाटेपर्यंत साऱ्या गावाला हसवणारा हा सोंगाड्या दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी बांधीत कापणीला वाकलेला दिसतो. हसवण्यावर त्याचं पोट भरत नाही. मग ते कुणाचं भरतं? आणि ज्याचं भरलं त्याला त्याची काय किंमत द्यावी लागली?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना एक नाव हमखास डोळ्यांपुढे येतं. ते नाव प्रशांत दामले यांचं. शहरातल्या लोकांनी त्यांना आधी नाटकात पाहिलं. आपण मात्र त्यांना पाहिलं ते टीव्हीवर, ओट्याशेजारी उभं राहून भाजीची चव घेताना!

नोकरीतला माणूस

दामल्यांचा जन्म ५ एप्रिल १९६१ चा, मुंबईचा. मध्यमवर्गीय मराठी घरात त्या काळी मुलाने काय करावं हे जणू ठरलेलंच असे. शिक्षण पुरं करावं, बँकेत किंवा एखाद्या सरकारी-निमसरकारी कचेरीत चिकटावं, महिन्याच्या महिन्याला पगार घरी आणावा. दामलेही मुंबईच्या 'बेस्ट'मध्ये नोकरीला लागले. पण मनात नाटकाचं वेड होतं. १९८३ च्या सुमारास पुरुषोत्तम बेर्डे यांच्या 'टूरटूर' या नाटकातून ते व्यावसायिक रंगभूमीवर आले. याच नाटकाने लक्ष्मीकांत बेर्डे हे नावही घराघरांत पोचवलं. एका नाटकाच्या टोळक्यातून पुढे मराठी विनोदाचे असे दोन-तीन खांब उभे राहावेत, ही गंमतच म्हणायची!

नोकरी आणि नाटक अशा दोन दगडांवर पाय ठेवून माणूस किती दिवस उभा राहणार? दिवसा कचेरी, रात्री प्रयोग, सुट्टीच्या दिवशी दौरा. शेवटी दामल्यांनी नोकरी सोडली आणि नाटकालाच आपला व्यवसाय मानलं. आज हे वाचताना आपण सहज 'वा!' म्हणून मोकळ्या होतो. पण, भगिनींनो, थोडा विचार करा. आपल्या घरच्या माणसाने पेन्शनची नोकरी सोडून 'मी आता लोकांना हसवणार' असं सांगितलं, तर आपण काय म्हणू? वाणसामानाची यादी डोळ्यांपुढे नाचू लागेल की नाही? म्हणून अशा माणसाच्या यशाची गोष्ट सांगताना, त्या वेळी घरात ज्यांनी 'बरं, करा' म्हटलं त्यांचा वाटाही मोजायला हवा.

मावशी, माधव आणि मन्या

१९८५ मध्ये 'सुयोग' या नाट्यसंस्थेने आचार्य अत्र्यांचं 'मोरूची मावशी' नव्याने रंगभूमीवर आणलं. 'चार्लीज् आंट' या इंग्रजी फार्सवरून अत्र्यांनी केलेलं हे नाटक. विजय चव्हाण यांनी त्यात मावशी केली आणि ती इतकी गाजली की त्यांचं नाव त्या लुगड्याशी कायमचं जोडलं गेलं. प्रदीप पटवर्धन आणि प्रशांत दामले हे त्यातले तरुण नायक. आमच्याकडच्या खडी गमतीतला लुगडं नेसलेला पुरुष आणि मुंबईच्या रंगमंचावरची ही मावशी यांचं नातं आम्हांला तरी अगदी जवळचं वाटतं. माणूस पुणे-मुंबईचा असो की सिहोऱ्याचा, पदर सांभाळता सांभाळता फजिती होणारा बाप्या पाहिला की सगळे सारखेच हसतात.

त्यानंतर दामल्यांची गाडी थांबली नाही. 'ब्रह्मचारी'मध्ये वर्षा उसगांवकर यांच्याबरोबरची त्यांची जोडी गाजली. १९९२ मध्ये वसंत सबनिसांचं 'गेला माधव कुणीकडे' आलं आणि दामले म्हणजे खळखळून हसण्याची हमी असं समीकरण होऊन बसलं. रत्नाकर मतकरींची 'चार दिवस प्रेमाचे' आणि 'जादू तेरी नजर', वसंत कानेटकरांचं नव्याने आलेलं 'लेकुरे उदंड जाली', अशी ही रांग लांबलचक आहे. चित्रपटही झाले, 'सवत माझी लाडकी' आणि 'तू तिथं मी' आपल्यातल्या पुष्कळ जणींनी पाहिले असतील. पण पडद्यापेक्षा त्यांचा जीव रमला तो रंगमंचावरच.

१९९८ मध्ये 'एका लग्नाची गोष्ट' आलं. श्रीरंग गोडबोले यांनी लिहिलेलं आणि मंगेश कदम यांनी बसवलेलं हे नाटक. मन्या झाले दामले आणि मनी झाल्या कविता लाड. नवराबायकोचं साधं भांडण, साधा रुसवा, साधी समजूत! दामले यात स्वतः गायचे, तेही रोज प्रेक्षकांसमोर. बरोबर वीस वर्षांनी, २०१८ साली, याच जोडीने 'एका लग्नाची पुढची गोष्ट' आणलं. मधल्या वीस वर्षांत प्रेक्षकांचेही संसार पुढे सरकले होते. ज्या जोडप्यांनी पहिलं नाटक लग्नानंतर हौसेने पाहिलं, ती दुसऱ्याला मुलांना घेऊन आली असतील. नाटकवाल्याला याहून मोठी पावती कोणती?

ओट्याशेजारी पाहुणा

आता येऊ या टीव्हीकडे. मराठी दूरदर्शनला विनोदी माणसांचं वावडं कधीच नव्हतं. मुंबई केंद्र १९७२ मध्ये सुरू झालं, आणि बबन प्रभू व याकूब सईद यांचं 'हास परिहास' जुन्या मंडळींना अजून आठवतं. पण खासगी वाहिन्या आल्यावर एक नवा प्रकार रुजला. हसवणाऱ्या माणसाने नाटुकलं करायचं नाही, तर कार्यक्रमाचा यजमान व्हायचं. २००७ च्या सुमारास झी मराठीवर 'आम्ही सारे खवय्ये' सुरू झालं आणि दामले स्वयंपाकाच्या ओट्याशेजारी येऊन उभे राहिले.

वरवर पाहता काम सोपं. एखादी गृहिणी येते, आपल्या हातचा पदार्थ करून दाखवते, यजमान गप्पा मारतो आणि शेवटी घास तोंडात घालून 'वा!' म्हणतो. पण जरा बारकाईने पाहा. त्या गृहिणीने जन्मात कधी कॅमेरा पाहिलेला नाही. घरी डोळे मिटून करते ती भाजी इथे करताना तिचा हात थरथरतो. समोर लखलखते दिवे, घशाला कोरड. अशा वेळी शेजारच्या माणसाने स्वतःच थोडं वेंधळं व्हायचं, 'हे काय टाकलंत? का टाकलंत?' असं लहान मुलासारखं विचारायचं, की तिला वाटतं, 'अरे, याला काहीच येत नाही, सांगायला हवं!' आणि ती बोलू लागते. समोरच्याला मोठं करण्यासाठी आपण लहान व्हायचं, ही विनोदी नटाची खास विद्या. रंगमंचावर कमावलेली ही विद्या दामल्यांनी ओट्यापाशी वापरली.

दुसरी एक गोष्ट याहून महत्त्वाची. आपल्या आयांनी आणि आज्यांनी आपल्याला स्वयंपाक शिकवला तो 'अंदाजाने'. मीठ अंदाजाने, पाणी अंदाजाने, 'वास सुटला की उतरव.' टीव्हीवर अंदाज चालत नाही. तिथे चमचा, वाटी, मिनिटं सांगावी लागतात. त्यामुळे कधी कागदावर न उतरलेलं, एका घरातून दुसऱ्या घरात फक्त सुनेच्या हातून जाणारं पाककौशल्य पहिल्यांदा शब्दांत आलं. कोल्हापूरच्या बाईने नागपूरचं सांबारवडीचं तंत्र ऐकलं (सांबार म्हणजे आपली कोथिंबीर हो, दक्षिणेकडचं सांबार नव्हे!), आणि विदर्भातल्या बाईला कोकणातल्या सोलकढीचं प्रमाण कळलं.

दामल्यांनी पुढे कलर्स मराठीवर 'आज काय स्पेशल' केलं. झी मराठीच्या 'किचन कल्लाकार'मध्ये तर ते चक्क महाराज होऊन बसले आणि कलावंतांच्या हातचे पदार्थ चाखू लागले. त्या कार्यक्रमाचे यजमान होते परभणीचे संकर्षण कऱ्हाडे. दामल्यांनी पुढे त्यांच्या नाटकात कामही केलं. शिष्याच्या हाताखाली गुरू उभा राहतो, असं हे दृश्य आपल्या घरांतही दिसायला हवं, नाही का?

आता थोडं खरं बोलू

या कार्यक्रमांचं कौतुक करताना एक काटा मनात राहतोच. रोज घरात रांधणारी बाई. तिला 'वा!' म्हणायला मात्र बाहेरून एक पुरुष यावा लागतो, आणि तोही कॅमेरा घेऊन! घरातला माणूस वर्तमानपत्रात डोकं घालून जेवतो आणि मीठ कमी पडलं तेवढंच त्याला कळतं. टीव्हीवरच्या यजमानाची तारीफ ऐकून आपल्या डोळ्यांत पाणी का येतं, याचा विचार घरातल्या मंडळींनी करावा.

हिशेबच मांडायचा तर मांडू. ६ नोव्हेंबर २०२२ रोजी मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात दामल्यांच्या नाट्यकारकिर्दीतला १२,५०० वा प्रयोग झाला. 'एका लग्नाची पुढची गोष्ट'चा प्रयोग होता तो. मुख्यमंत्री आले, सत्कार झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. १९८३ पासून धरले तर ३९ वर्षांत १२,५०० प्रयोग, म्हणजे वर्षाला सरासरी ३२० हून अधिक. एक प्रयोग तीन तासांचा धरा, तर सव्वाचार वर्षं हा माणूस रात्रंदिवस नुसता रंगमंचावरच उभा होता! छाती दडपून जाते.

आता त्याच ३९ वर्षांत एखाद्या गृहिणीने दोन वेळचा स्वयंपाक केला असेल तर किती वेळा चूल पेटवली? वर्षाला ७३० वेळा धरा, म्हणजे २८,००० च्या वर. तिच्या अठ्ठावीस हजाराव्या पोळीला कुणी सभागृह घेतल्याचं ऐकिवात नाही. यात दामल्यांना कमी लेखण्याचा हेतू नाही, उलट या दोन कामांतलं साम्य दिसावं एवढंच. कालचा प्रयोग रंगला म्हणून आजचा आपोआप रंगत नाही. कालची भाजी छान झाली म्हणून आज कुणी उपाशी राहत नाही. दोघांनाही रोज नव्याने मांडामांड करावी लागते.

घर आणि पाटी

वर्षाला तीनशेवीस संध्याकाळी घराबाहेर, म्हणजे घरात संध्याकाळी नाही. मुलींचा अभ्यास, सणवार, पाहुणेरावळे, म्हाताऱ्यांची औषधं, हे सारं नटाच्या घरात कोण बघत असेल, ते सांगायला ज्योतिषी नको. दामल्यांच्या पत्नी गौरीताई प्रसिद्धीच्या झोतात फारशा नसतात. पण नाटकाच्या जाहिराती नीट वाचणाऱ्यांना एक गोष्ट माहीत असेल. दामल्यांच्या नाटकांवर 'प्रशांत दामले फॅन फाऊंडेशन' या नावाबरोबर 'गौरी थिएटर्स' हेही नाव झळकतं. व्यवसायाच्या पाटीवर बायकोचं नाव! दुकानाला, गिरणीला, ट्रॅक्टरला मुलाचं नाव द्यायची आपल्याकडची रीत पाहता ही पाटी आम्हांला फार आवडली.

निर्माता होणं म्हणजे नुसतं पाटी लावणंही नव्हे. नटाला रात्रीचे पैसे मिळाले की तो मोकळा. निर्मात्याला बसचं भाडं, नेपथ्याचा ट्रक, नाट्यगृहाचं भाडं, मागच्या कामगारांची मजुरी, सगळं बघावं लागतं. करोनाच्या साथीत, २०२० मध्ये, नाट्यगृहांना कुलपं लागली, तेव्हा प्रकाशाला, कपड्यांना, सेटला असणाऱ्या माणसांच्या घरी चूल पेटणं मुश्किल झालं. टीव्हीवर चेहरा दिसत राहतो म्हणून मोठ्या नटाचं भागतं. मागच्या माणसांचं सारं काही प्रयोगावर. यश मिळालेल्या माणसाने नाटक सोडून टीव्हीत का नाही जायचं, याचं एक उत्तर इथे आहे. तो नाटक करतो तेव्हा आणखी पंधरा-वीस घरांत पीठ मळलं जातं.

सोबत्यांची गळती

लांब पल्ल्याच्या प्रवासात सोबती उतरत जातात. 'टूरटूर'मधले लक्ष्मीकांत बेर्डे २००४ मध्ये गेले. 'सुयोग'चे सुधीर भट २०१३ मध्ये, मावशी विजय चव्हाण २०१८ मध्ये, आणि प्रदीप पटवर्धन २०२२ च्या ऑगस्टमध्ये. ज्या वर्षी दामल्यांचा १२,५०० वा प्रयोग झाला, त्याच वर्षी त्यांच्या तरुणपणातला हा जोडीदार गेला. प्रेक्षकांना मात्र त्या संध्याकाळी हसूच मिळालं. विनोदी नटाच्या धंद्याची हीच अट.

त्याच वर्षी 'सारखं काहीतरी होतंय' या नाटकात दामले आणि वर्षा उसगांवकर साडेतीन दशकांनी पुन्हा एकत्र आले. मधुमेहाच्या विषयाभोवती गुंफलेलं 'साखर खाल्लेला माणूस' हे नाटक त्यांनी शुभांगी गोखले यांच्यासोबत केलं. टीव्हीवर गोडधोड चाखणारा माणूस रंगमंचावर साखरेच्या दुखण्याची गोष्ट सांगतो, हा योग आम्हांला मोठा मासलेवाईक वाटला. २०२४ मध्ये द. मा. मिरासदारांच्या कथेवरचं 'शिकायला गेलो एक' आलं. साठी उलटल्यावरही नवं नाटक पाठ करायचं, तालमीला वेळेवर जायचं, हे निवृत्तीच्या वयातल्या बायाबापड्यांनीही शिकण्यासारखं. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला आणि २०२३ मध्ये ते अखिल भारतीय मराठी नाट्य परिषदेच्या अध्यक्षपदी निवडून आले.

आपल्याकडचे हसवणारे

दामल्यांनंतरच्या पिढीत विनोदातून यजमानपदाकडे जाणारी वाट चांगलीच रुंदावली. आयुर्वेदाचे डॉक्टर असलेले नीलेश साबळे नकलांच्या जोरावर आले आणि २०१४ ते २०२४ या दहा वर्षांत 'चला हवा येऊ द्या'चे सूत्रधार म्हणून ओळखले गेले. त्याच कार्यक्रमात अमरावतीकडच्या भारत गणेशपुरे यांनी वऱ्हाडी बोली महाराष्ट्रभर नेली. आधी ज्या बोलीला लोक हसत, ती ऐकून लोक तिच्याबरोबर हसू लागले. हा फरक मोठा आहे, बरं का!

पण झाडीपट्टीचं काय? आमची झाडीबोली, आमची दंडार, वडशाच्या नाटकमंडळ्या आणि रात्रभर चालणारी नाटकं? गडचिरोलीचे परशुराम खुणे यांनी पाच हजारांहून जास्त प्रयोगांत आठशे भूमिका केल्या, लोकांनी त्यांना झाडीपट्टीचे दादा कोंडके म्हटलं, आणि २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं नाव मुंबई-पुण्याच्या किती घरांत ठाऊक होतं? टीव्हीचा कॅमेरा जिथे पोचत नाही तिथेही माणसं हसतात आणि हसवणारे असतात. पण त्यांच्या म्हातारपणाची सोय कोण बघतं? नाट्य परिषदेने, सरकारने आणि आपण प्रेक्षकांनीही याकडे बघायला हवं. मानधनाचे कागद भरायला एखाद्या म्हाताऱ्या शाहिराला मदत करणं हे काम गावातल्या शिकलेल्या सुनेलाही करता येईल.

म्हणून येत्या मंडईत दोन गोष्टी करून पाहा. खडी गमतीच्या मंडळींना वर्गणीच्या पैशांवर न ठेवता रात्रीच्या जेवणाला घरी बोलवा. पातोडीचा रस्सा, जवसाची चटणी, लाखोरीच्या डाळीचे वडे, जे काही आपल्या हातचं असेल ते वाढा. आणि दुसरं, घरातल्या मंडळींना सांगून ठेवा की त्या दिवशी टीव्हीवरच्या यजमानासारखं त्यांनी ताटावर बसून विचारायचं, 'हे कसं केलंस?' नुसतं विचारून भागायचं नाही, उत्तर संपेपर्यंत ऐकायचं.